पाच-चाळीसची खिडकी

माझ्या नावावर रायपुरात एकशे बारा घरं आहेत. नावावर म्हणजे मालकीची नव्हेत. मी आर्किटेक्ट आहे, आणि आर्किटेक्टच्या नावावर लोक फक्त छताची गळती लावतात.

या सगळ्या घरांत एक गोष्ट सारखी आहे. दारात शिरल्यावर उजवीकडची जी खोली, तिच्या पुढच्या भिंतीत एक बुटकी खिडकी. बाकीच्या खिडक्या तीन फुटांवर सुरू होतात, ही सव्वादोन फुटांवर. सगळे उभे असताना एकटीच खाली बसल्यासारखी. "ही काहून एवढी खाली?" असं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, आणि मी माणूस पाहून उत्तर द्यायचो. शिकलेल्याला सांगायचो, हवा खेळती राहते. देवभोळ्याला सांगायचो, ही कुबेराची नजर. एका निवृत्त न्यायाधीशांना मी म्हणालो, जपानात अशीच असते. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि मला कळलं, तेही जपानला गेलेले नाहीत.

खरं उत्तर मला ठाऊक नव्हतं. खिडकी माझी नव्हती.

आणि गेल्या दिवाळीपासून माझी बायको त्या खिडकीशी बसू लागली होती.

शर्मिष्ठा शाळेत चित्रकला शिकवायची. सव्वीस वर्षं. दरवर्षी नवी मुलं यायची आणि तेच चित्र काढायची: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, एक नदी, बाजूला नारळाचं झाड. रायपुरात डोंगर नाही. नारळ देवळाबाहेरच्या दुकानातच दिसतो. ती मुलांना विचारायची, "अरे, कुठं पाहिलं तुम्ही हे?" मुलं म्हणायची, "दीदी की कॉपी में." ती दीदी कोण, तिने कोणाच्या वहीत पाहिलं, त्याचा माग तिला सव्वीस वर्षांत लागला नाही. शेवटी तिने मुदतीआधी निवृत्ती घेतली. "मी डोंगरांना हरली," म्हणाली.

चौबे कॉलोनीतलं आमचं घरही त्याच नकाशाचं. निवृत्तीनंतर तिने आपला पलंग उजवीकडच्या खोलीत नेला, दुपारी जरा पडायला. सुरुवातीला संध्याकाळी पाच-दहा मिनिटं खिडकीतून फाटकाकडे बघायची. मग तास झाला. मग चार वाजल्यापासून अंधार पडेपर्यंत. हाक मारली तर ऐकू जायची नाही. दूध उतू गेलं, भाजी करपली, शेजारणी येऊन बसून कंटाळून गेल्या. रात्रीचं जेवण आधी अर्धं झालं, मग नावापुरतं. संक्रांतीपर्यंत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

"कोणाची वाट पाहून राहिली तू?" मी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण यायची वेळ झाली ना."

डॉक्टर म्हणाले, रक्त चांगलं आहे, दाब चांगला आहे, फिरायला न्या. मुलगा अभिनव हैदराबादहून म्हणाला, "पापा, मम्मी को इधर भेज दो." पाठवलं. तिथे पंधरा दिवस बरी होती, जेवत होती. फक्त रोज पाच-चाळीसला उठून चपला घालायची. म्हणायची, "घरी कोणी येऊन परत जाईल रे." सोळाव्या दिवशी त्याने तिला परत आणून सोडलं.

मी घरी नऊ-साडेनऊला यायचो. ती माझ्याकडे बघायची, ओळखायची, ताट वाढायची. पण मी तो नव्हतो. पंचवीस वर्षांच्या संसारात आपण 'तो' नसल्याचं कळावं, आणि तो कोण हे तिलाही माहीत नसावं, यात भांडायचं तरी कोणाशी?

त्याच दिवसांत ऑफिसात चेतनाने नकाशातून ती खिडकी पुसायला घेतली.

चेतना प्रोग्रामर आहे. वडील भिलाईच्या प्लांटात होते. तेलीबांध्याला एक बारा मजली इमारत उठायची होती आणि बिल्डरला दर गिऱ्हाइकाचा फ्लॅट वेगळा हवा होता, आणि सगळे मिळून लवकर हवे होते. चेतनाने माझे एकशे बारा नकाशे कॉम्प्युटरला खाऊ घातले होते. आता तो स्वतःच नवे नकाशे काढायचा, माझ्याच शैलीत. माझी शैली आहे हे मला तेव्हा कळलं. एक दिवस ती माझ्या टेबलाशी आली.

"सर, एक बात पूछूँ? ही खिडकी निघून नाही राहिली."

"डिलीट कर."

"केली. जिना कंपाउंडच्या बाहेर गेला."

तिने दाखवलं. खिडकी पुसली की जिना कुंपण ओलांडून रस्त्यात उभा राहायचा, स्वयंपाकघर शेजाऱ्याच्या प्लॉटात शिरायचं, आणि संडास होता तो नाहीसाच व्हायचा.

"सगळी मापं इथून निघतात," तिने खिडकीच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "पूरे घर का शून्य यहाँ है. लोक प्लॉटच्या कोपऱ्यात घेतात. तुम्ही खिडकीत काहून घेतला?"

"माझी पद्धत आहे," मी म्हणालो.

"अच्छा." तिचा विश्वास बसला नाही, पण पगार माझ्याकडून असल्याने चेहरा बसल्यासारखा केला. "मी आधी जिथे होते ना, तिथे कोडमध्ये एक ओळ होती. बाजूला लिहिलेलं, हटाना मत. लिहिणारा नोकरी सोडून गेला. ती ओळ काय करते कोणालेच माहीत नाही. तरी हर प्रोजेक्ट में कॉपी."

"मग?"

"मग काय सर, अजून चालून राहिली. काढली की सगळं बंद पडते."

ती गेल्यावर मी बराच वेळ स्क्रीनवरच्या शून्याकडे बघत बसलो. १९९३ मध्ये मी ब्राह्मणपाऱ्यातल्या एका ऑफिसात लागलो होतो. डिग्री ताजी, हात कच्चा. अनंतराव तिथे हेड ड्राफ्ट्समन. बोलणं कमी, रेघ पक्की. संध्याकाळी सव्वापाचला पेन्सिल खाली ठेवायचे ती ठेवायचेच, साहेब मागे उभे असले तरी. मला पहिलं खाजगी काम मिळालं तेव्हा डोक्यात कॉलेजात शिकलेले युरोपातले महाल होते आणि हातात तीस बाय पन्नासचा प्लॉट. अनंतरावांच्या खणात त्यांच्या स्वतःच्या, डंगनियातल्या घराचा नकाशा होता. ते डबा खायला गेले असताना मी त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवला. चाळीस मिनिटांत माझी मौलिक रचना तयार झाली. खिडकीच्या कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलीने एक बारीक फुली केली होती. ती कशाची हे न कळल्याने मी तीही उतरवली. चोरी मी प्रामाणिकपणे केली होती.

पुढे तोच नकाशा रुंद केला, लांबवला, त्यावर मजले चढवले. कॉम्प्युटर आला तेव्हा फुलीपासूनच रेघ सुरू केली. विचारलं मात्र कधी नाही. विचारायचं म्हणजे कबूल करायचं.

त्या आठवड्यात भैय्यालालचा फोन आला. रेल्वेतून निवृत्त झालेलं माझं जुनं गिऱ्हाईक, घर २००६चं.

"साहेब, रागावू नका," तो म्हणाला. "त्या पुढच्या खोलीत आधी माही बायको झोपे. ती संध्याकाळी फाटकाकडे पाहे. ती वारली, मंग सून. ती पण पाहे. मले वाटे, घराण्यातच आहे. आता भाडेकरू ठेवला, बिलासपूरचा पोट्टा, बँकेत आहे. काल पाहतो तर तोही खिडकीशी. म्हटलं काहून रे? तो म्हणते, अंकल, कोई आने वाला है क्या?"

"किती वाजता?"

"पावणेसहाच्या जरा आधी. वास्तुवाल्याले बोलावलं होतं. तो खिडकी पाहून खूश झाला. म्हणे, ही कुबेराची नजर आहे."

मी फोन ठेवला आणि ऑफिसातून सरळ घरी गेलो. शर्मिष्ठा खिडकीशी होती. मांडीवर मुलांची असते तशी चित्रकलेची वही. मी मागून डोकावलो. आमचं फाटक काढलं होतं, सुरेख काढलं होतं. मागची पानं उलटली. प्रत्येक पानावर फाटक. फाटकाशी क्रोटनची झाडं आहेत. त्यांचं पान न् पान काढलेलं, पण मध्येच एका जागी पानं थांबलेली. तिथे कागद कोरा. पुढे पुन्हा पानं सुरू. कोणी तिथे उभं असेल तर मागचं जेवढं झाकलं जाईल, नेमकं तेवढं तिने सोडलं होतं.

"इथे काय आहे?" मी विचारलं.

"ते दिसत नाही," ती म्हणाली. "मागचं दिसत नाही म्हणून सोडलं."

मी वही लांब धरली. कोऱ्या जागेला आकार होता. बुटका माणूस, उजवा खांदा जरा उतरलेला. खाली दोन वर्तुळांच्या कडा, हँडलचं वळण, मागे कॅरियरवर एक चौकोन. डब्याचा. तो खांदा चार वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर वाकलेला मी रोज पाहिला होता. शर्मिष्ठा माझ्या आयुष्यात आली तोवर मी ते ऑफिस सोडलं होतं. तिने त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन मी डंगनियाला गेलो. अनंतराव जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात त्यांची मुलगी रमा राहते, वीज खात्यातून निवृत्त. तिने दार उघडलं, मला पाहिलं, वहीकडे पाहिलं.

"या निरंजनभाऊ. फारच लवकर आले."

वाटेत मी कबुलीजबाबाची चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं पहिलं अर्धं झालं असताना ती म्हणाली, "नकाशाचं ना? बाबांना माहीत होतं. स्कूटीवर मागे बसवून मी त्यांना दवाखान्यात नेत असे. रस्त्यात खांद्यावर थाप मारून दाखवायचे. हे एक. ते एक. एकदा शंकरनगरहून येईस्तोवर सात मोजले."

"रागावले असतील."

"रागावले ना. म्हणायचे, पोट्ट्यानं खिडकी नेली, पण विचारलं नाही काहून. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मी आता विचारतो," मी म्हणालो.

रमाने माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि बसली. "आई जिन्यावरून पडली शहाऐंशीत. पाठ गेली. खाटेवरून उठणं संपलं. तेव्हा आम्ही भाड्याच्या खोलीत होतो, एक झरोका, तोही छताशी. आई म्हणायची, दिवस कधी संपतो तेच समजत नाही. तुम्ही दारात उभे राहिले की समजते. मग बाबांनी हा प्लॉट घेतला. लोक आधी पाया खोदतात. बाबांनी रिकाम्या प्लॉटवर खाट टाकली, रिक्षातून आईला आणली आणि तिच्यावर निजवली. उन्हात. वस्ती पाहायला गोळा झाली. कोणी आईकडे बघून म्हणालं, वनमालाबाईंवर उतारा करून राहिले काय?"

"मग?"

"मग सुतळीचं एक टोक आईच्या डोळ्याशी धरायला मला सांगितलं. दुसरं टोक घेऊन बाबा गेले ते फाटक जिथे येणार तिथपर्यंत. सुतळी ताणली. ती जिथून गेली, तिथे खिडकी. कोपऱ्याला खुंटी मारली. आणि त्या खुंटीपासून मोजून भोवती घर काढलं."

एकशे बारा घरं, बारा मजली इमारत, चेतनाचा कॉम्प्युटर. आणि सगळ्याच्या मुळाशी एका निजलेल्या बाईचा डोळा.

"पाच-चाळीसला सायकल फाटकाशी यायची," रमा सांगत होती. "बाबा उतरायचे. डावा हात हँडलवर, उजवा वर. आई खाटेवरून हात वर करायची. तिचा हात दिसल्याशिवाय ते फाटक उघडत नव्हते. अकरा वर्षं चाललं हे."

"ती खिडकी पाहू?"

तिने मला बाहेर नेलं. पुढच्या भिंतीवर खिडकी नव्हती. सपाट गिलावा, त्यावर मधुमालतीचा वेल.

"आई गेली त्या आठवड्यात बाबांनी स्वतः विटा लावल्या. म्हणाले, आतून बघणारं कोणी राहिलं नाही, बाहेरून मलाच ती दिसत राहील."

म्हणजे खरी खिडकी आता या जगात नव्हतीच. तिच्या नकला तेवढ्या होत्या. मी वही उघडून तिच्यापुढे धरली. रमाने कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं, खांद्यापासून कॅरियरपर्यंत, आणि डब्यापाशी थांबली.

"वहिनींना दिसतात का?"

"नाही. जागा सोडते फक्त."

तिने वही मिटून माझ्या हातात दिली.

"मीही बुजवून टाकतो खिडकी," मी म्हणालो. "उद्याच गवंडी लावतो."

"लावा. पण बाबांनी बुजवली ती वाट पाहणारं गेल्यावर. तुमचं बसलेलं आहे अजून. विटा लावल्या तर ती विटांकडे बघत बसेल." तिने मला खालीवर पाहिलं. "तुम्ही अर्धीच नक्कल केली निरंजनभाऊ. खिडकी नेली. येणारा नेला नाही. केव्हा जाता तुम्ही घरी?"

मी खोटं बोलून पाहिलं. "आठ."

"हव, आठ," रमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाचला मी ऑफिसातून उठलो. चेतनाने विचारलं, "सर, तबियत ठीक है?" पाच-चाळीसला आमच्या फाटकाशी उभं राहून मी उजवा हात वर केला. खिडकीत शर्मिष्ठा होती. गॅस सिलेंडरवाला चुकीच्या दिवशी आला तर बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे बघू लागली.

आयुष्यात मला एकच काम नीट येतं. नक्कल. ठरवलं, ते आता शेवटपर्यंत नेऊ. एक जुनी सायकल मिळवली. पन्नाशी ओलांडल्यावर सायकल विसरत नाही म्हणतात, गुडघे विसरतात. कॅरियरला डबा बांधला. रमाला फोन करून विचारलं, घंटी वाजवायचे का? "नाही. घंटी ऐकून कळलं तर बघायचं काय मग?" शेजारचे वर्मा म्हणाले, "क्या साहब, मैराथन?" मी हात वर केलेलाच होता, त्यांना वाटलं त्यांनाच केला. त्यांनीही केला. रोज करू लागले.

चौथ्या दिवशी मी खांदा उतरवून उभा राहिलो. उतरवला असं नाही. तो उतरलेला असल्याचं मला उभं राहिल्यावर समजलं.

दरम्यान चेतनाला सांगितलं, तेलीबांध्याचं सगळं पूस, नव्याने करू. नवव्या मजल्यावर सव्वादोन फुटांची खिडकी, समोर फाटक नाही, नुसता तलाव. तिथे बसून माणसं कोणाकडे बघतील?

"आणि शून्य कुठे घेऊ सर?"

"राहणाऱ्यांना विचार. या घरात कोण कोणाची वाट पाहतं, केव्हा, कुठे बसून."

तिने खरंच फॉर्मवर तसा रकाना केला आणि तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकणार नाही अशी सोयही केली. आठ दिवसांत बिल्डरचा फोन आला. गिऱ्हाइकं सगळं भरतात, खोल्या, टाइल्स, दोन गाड्या. त्या एका रकान्याशी येऊन थांबतात आणि फॉर्म सोडून देतात. त्याने काम दुसऱ्या आर्किटेक्टला दिलं. नवे नकाशे चेतनाने कुठूनतरी मिळवून दाखवले. पुढची खोली, उजवीकडे, सव्वादोन फूट.

"ये लोग किससे कॉपी किए?" तिने विचारलं. मी नकाशा मोठा करून पाहिला. कोपऱ्यात ती बारीक फुलीही होती.

एकविसाव्या दिवशी मी फाटकाशी सायकलवरून उतरलो. डावा हात हँडलवर, उजवा वर. शर्मिष्ठा बघत होती. या वेळी नजर माझ्या मागे गेली नाही. माझ्यावर येऊन टेकली, एखादी जड वस्तू खाली ठेवावी तशी. मग खिडकीत हळूच तिचा हात वर झाला. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

मी फाटक उघडून आत गेलो. ती पलंगावरून उठत होती. "किती वाळले तुम्ही," ती मला म्हणाली. गेल्या चार महिन्यांत तिने माझ्याबद्दल केलेलं हे पहिलं विधान होतं, आणि ते तिच्याच बाबतीत खरं होतं. "भूक लागली. पोहे टाकते. तुम्ही पण खा," म्हणत स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने मोहरी तडतडली. मी ऐकत उभा राहिलो.

वही पलंगावर उघडी होती. आजच्या पानावर फाटक होतं आणि फाटकाशी माणूस होता, मी पोचायच्या आधीच पूर्ण काढलेला. शर्ट माझा. चष्मा माझा. खांदा, म्हटलं तर, माझाच. क्रोटनच्या पानांत कुठे कोरी जागा राहिली नव्हती.

"अहो, कांदा बारीक चिरू की लांब?" तिने आतून विचारलं.

सांगतो म्हणून मी तिच्या जागेवर टेकलो. पलंग अजून ऊन होता. त्या खोलीत, त्या उंचीवर, वीस वर्षांत मी कधी बसलो नव्हतो. समोर माझं फाटक, फाटकाला टेकवलेली सायकल, तिच्यामागे झाडं. संध्याकाळ हळूहळू पानांवरून उतरत होती. रस्त्यावर कोणी नव्हतं.

"अहो!"

मला ऐकू येत होतं. आता उठावं असं वाटतही होतं. पण यायची वेळ झाली होती, आणि अशा वेळी उठून जाणं बरं दिसलं नसतं.